पुण्याच्या पेठेत घर घ्यायचंय? टोकन देण्याआधी हे सगळं बघून घ्या

पेठेत घर घ्यायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो रेटचा. सदाशिवात काय चाललंय, नारायण पेठेत स्क्वेअर फुटाला किती, शनिवारात काही कमीत मिळेल का. माझं स्पष्ट मत आहे की पेठेत रेट हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. जागा कागदावर कोणाची आहे, आत कोण कुठल्या हक्कानं राहतंय, आणि उद्या ही इमारत उतरवली तर त्या जागेवर परत किती बांधता येईल. ही तीन उत्तरं कागदावर मिळाली तर मग भाव करायचा, नाही मिळाली तर कितीही स्वस्त असू दे, हात जोडून बाहेर पडायचं.

बाणेर-वाकडसारख्या नव्या उपनगरात प्लॉट एक, बिल्डर एक, महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साईटवर नंबर टाकला की निम्मी माहिती समोर येते. पेठेत तसं नसतं. कसबा ही मूळ जुनी वस्ती, बाकीच्या बऱ्याच पेठा पेशवाईत वसल्या, त्यामुळे एकेका वाड्यामागे चार-पाच पिढ्यांच्या वाटण्या, गहाणखतं, भाडेकरू, कोर्टातले दावे असं सगळं साचलेलं असतं. तरीही लोक इथंच घर शोधतात आणि ते मला पटतं, कारण मंडई, लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौक, शाळा, दवाखाने सगळं चालत, आणि सप्टेंबर २०२४ पासून सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रोसुद्धा चालू झालीये, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं थेट गावठाणात आहेत. जागा सोन्यासारखी आहे यात वादच नाही, फक्त ती नीट बघून घ्यायची.

पहिली पायरी: नक्की काय विकत घेताय ते ठरवा

पेठेत "घर विकायचंय" या एकाच वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात. अख्खा वाडा किंवा वाटणीत आलेला त्याचा भाग. वाड्यातल्या एका वारसाचा हिस्सा, जो जमिनीवर वेगळा मोजलेलाच नाही. पागडीच्या खोल्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेकरूचा हक्क, मालकी नाही. वाडा पाडून साधारण सत्तर ते नव्वदच्या दशकात झालेल्या तीन-चार मजली इमारतीतला फ्लॅट. आणि अलीकडे रिडेव्हलप झालेल्या इमारतीतला नवा फ्लॅट.

पहिल्यांदाच गुंतवणूक करणार असाल तर माझा कल नेहमी चौथ्या प्रकाराकडे असतो, म्हणजे जुन्या पण स्वच्छ कागदाच्या छोट्या इमारतीतला फ्लॅट, जिथं सोसायटी किंवा अपार्टमेंट रीतसर नोंदलेली आहे आणि जमीन फ्लॅटधारकांच्या नावावर झालेली आहे. नवा फ्लॅट चांगलाच, पण त्यात रिडेव्हलपमेंटचा फायदा बिल्डरनं आणि जुन्या मालकांनी आधीच घेतलेला असतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पेठेतले प्लॉट लहान असतात, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर रेराची नोंदणी बंधनकारक नसते. म्हणजे पेठेतल्या कितीतरी नव्या इमारतींना रेरा नंबरच नसतो, आणि तिथं बांधकाम चालू असताना पैसे गुंतवायचे म्हणजे मंजूर नकाशा, जमीनमालकाशी झालेला डेव्हलपमेंट करार, सगळं स्वतः वाचावं लागतं.

वारसाचा न मोजलेला हिस्सा कमी किमतीत मिळतो म्हणून भुरळ पडते. ज्याला कोर्टकचेरीचा अनुभव नाही त्यानं तिकडं वळूच नये. राहत्या घरातला एका भावाचा हिस्सा बाहेरच्या माणसानं घेतला तर त्याला बाकीच्यांबरोबर आत राहायचा ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि दावा लावला की घरातले बाकीचे हिस्सेदार कोर्टानं ठरवलेल्या किमतीत तुमचा हिस्सा परत विकत मागू शकतात. म्हणजे पैसे अडकले, वर्षं गेली आणि वाडाही हातात नाही.

दुसरी पायरी: मालकीचे कागद

पेठेत सातबारा चालत नाही, इथं चालतं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक. सिटी सर्व्हे नंबर घ्या, डिजिटल सहीचं कार्ड ऑनलाईन मिळतं ते काढा, पण तेवढ्यावर थांबू नका, नगर भूमापन ऑफिसातून जुने हस्तलिखित उतारे आणि चौकशी नोंदवहीचा उताराही मागवा, कारण खरी गोष्ट जुन्या नोंदीत असते.

कार्ड कसं वाचायचं ते सांगते. वर क्षेत्रफळ आणि सत्ताप्रकार. सत्ताप्रकारात "ब" दिसला तर तिथंच थांबून वकिलाला विचारा, त्यात सरकारी अटी-शर्ती असतात. देवस्थान, ट्रस्ट किंवा वक्फचं नाव कुठंही दिसलं तरी तसंच. मग धारकाचं नाव. बऱ्याच कार्डांवर अजून पणजोबांचंच नाव असतं आणि पुढं "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरं दिसली की समजायचं, जागा त्या एका माणसाची नव्हती, कुटुंबाची होती, आणि त्या कुटुंबातल्या प्रत्येकाचा माग काढावा लागणार. खाली इतर हक्क आणि बोजे, तिथं एखादं पन्नास वर्षांपूर्वीचं गहाण फेडूनही कमी न केलेलं सापडतं, ते विकणाऱ्याला आधी कमी करून आणायला सांगा.

मग वंशावळ. विकणाऱ्याकडून लेखी घ्या, आणि त्यात लेकी-बहिणी आहेत का ते आवर्जून बघा. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि वडील २००५ आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. "आत्यांचं काही म्हणणं नाही हो, त्या सही करतील" हे वाक्य पेठेत फार ऐकू येतं. आत्यांनी हक्कसोड केलं असेल तर ते रजिस्टर केलेलं हवं, नोटरीच्या कागदाला स्थावर मालमत्तेत काही किंमत नाही. मी तर म्हणेन की हक्कसोडीच्या मागं लागण्यापेक्षा सगळ्या वारसांना खरेदीखतावर विकणारे किंवा मान्यता देणारे म्हणून उभं करा, म्हणजे पुढं कोणी "मला माहीतच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. वारसात कोणी अज्ञान मूल असेल तर त्याच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी लागते.

पेठेतल्या निम्म्या घरांची पुढची पिढी अमेरिकेत नाहीतर जर्मनीत आहे, त्यामुळे कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीवर, सह्या होतात. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं किंवा अपोस्टिल केलेलं, म्हणजे तिथल्या सरकारनं प्रमाणित केलेलं, आहे का, भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरलाय का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, आणि मुख्य म्हणजे पत्र देणारा माणूस आज हयात आहे का, हे सगळं तपासा. व्हिडिओ कॉल लावून त्यांच्याशी स्वतः बोला, यात संकोच करायचं काही कारण नाही.

यानंतर वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदणीकृत व्यवहारांची तपासणी, आणि कोणाची हरकत आहे का विचारणारी पेपरात जाहीर नोटीस. वाड्यासाठी मी ३० वर्षांवर समाधान मानणार नाही, शेवटचं वाटणीपत्र किंवा खरेदीखत जिथं सापडेल तिथपर्यंत मागं जा. ई-कोर्ट्सवर मालकाच्या आणि त्याच्या भावंडांच्या नावानं दावे शोधा, मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेनं टाकून बघा.

अजून एक, जे वकिलांच्या रिपोर्टमध्ये सहसा येत नाही. वाड्यांच्या भिंती सामाईक असतात, बोळ सामाईक असतो, विहीर, कधी संडाससुद्धा सामाईक असतो. सिटी सर्व्हेचा नकाशा हातात घेऊन जागेवर उभं राहा आणि बघा की तुमच्या घरात जायचा बोळ तुमच्या नंबरात आहे का शेजारच्या. शेजारच्या असेल तर वहिवाटीचा हक्क कुठल्या खतात लिहिलाय ते शोधा, नसेल तर शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ नका. मोजणी करून घेतलीत तर उत्तमच.

तिसरी पायरी: भाडेकरू

पेठेतल्या व्यवहाराचा जीव इथं असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. जुना भाडेकरू प्रमाणभूत, म्हणजे कायद्याप्रमाणे ठरलेलं, भाडं भरतोय आणि करार पाळतोय तोपर्यंत त्याला काढता येत नाही. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं, पण मूळ भाडंच शे-दोनशे रुपये असेल तर त्या वाढीला काही अर्थ राहत नाही. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांकडे हक्क जातो. मालकाला स्वतःला राहायला खरोखर गरज असेल किंवा पाडून नवं बांधायचं असेल तर खाली करून मागायची सोय कायद्यात आहे, पण ते लघुवाद न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि एक पिढी दावा लावते नि दुसरी निकाल बघते अशी उदाहरणं पेठेत घरोघरी आहेत.

"वाडा धोकादायक आहे, पालिका पाडेल, मग भाडेकरू आपोआप गेले" असं कोणी समजावलं तर विश्वास ठेवू नका. सांगलीतल्या एका इमारतीच्या प्रकरणात, जी महापालिकेनंच पाडली होती, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय की इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण हक्क जमिनीवरही असतो. पुणे महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामा करून उतरवायचा, सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. नोटीस आली का आणि कुठल्या वर्गाची हे विकणाऱ्याला लेखी विचारा, वॉर्ड ऑफिसात जाऊनही बघा.

आत किती भाडेकरू आहेत हे मालकाच्या तोंडावर सोडायचं नाही. सोपी पद्धत अशी: महापालिकेच्या मिळकतकराचा आकारणी उतारा काढा, त्यात भोगवटादारांची नावं असतात. मग वाड्यात संध्याकाळी सातच्या सुमारास जा, लोक घरी असतात तेव्हा, आणि जिन्याखाली किंवा दिंडीदरवाज्याच्या आत जे विजेचे मीटर असतात ते मोजा, प्रत्येकावर नाव किंवा नंबर असतो तो लिहून घ्या. यादीत सहा नावं आणि भिंतीवर नऊ मीटर असतील तर उरलेल्या तिघांची चौकशी करा. एखादी खोली कायम कुलूपबंद असते, तिचा भाडेकरू कोथरूडला राहायला गेलेला असतो पण पावती अजून चालू असते, तो हक्क सोडताना सगळ्यात जास्त मागतो. भाडेपावत्या बघायला मागा, कोणाच्या नावानं फाटतात ते बघा, आणि भाडेकरूंशी स्वतः बोला. ही माणसं तिथं चाळीस-पन्नास वर्षं राहिलेली असतात, त्यांची मुलं तिथंच मोठी झालेली असतात. त्यांना अडचण समजून व्यवहार करणारा माणूस हमखास अडकतो, आणि त्यांना बरोबर घेऊन, किती चौरस फूट देणार, बांधकामाच्या काळात राहायची सोय काय, हे रजिस्टर करारात लिहून देणारा माणूस दोन वर्षात पाया खणतो, हे मी आजूबाजूला बघत आलेय.

पागडीच्या खोल्या घेणार असाल तर एवढंच सांगते, पागडी कायदेशीर आहे, १९९९ च्या कायद्यानं ती मान्य केलीये, पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय हक्क ट्रान्सफर होत नाही, मालक त्यासाठी पैसे मागतो, आणि यावर बँक होमलोन देत नाही. स्वतः राहायला आणि मुलांच्या शाळेसाठी ठीक, निव्वळ गुंतवणूक म्हणून मी घेणार नाही.

चौथी पायरी: त्या जागेवर पुढं काय बांधता येईल

जुन्या इमारतीतला फ्लॅट घेताना तुम्ही खरं म्हणजे जमिनीचा एक तुकडा घेत असता, कारण वीस वर्षांत ती इमारत उतरवावी लागणारच आहे. त्यामुळे आजच एक टेप घेऊन समोरच्या गल्लीची रुंदी मोजा. खरंच मोजा, अंदाजानं नको. २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ९ मीटर ही महत्त्वाची रेघ आहे, रस्ता त्याहून अरुंद असेल तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, कमी आणि वरून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. पेठेतल्या आतल्या गल्ल्या बहुतेक ९ मीटरच्या खालच्या. बरं, रस्तारुंदीची रेषा तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर पुढचा भाग सोडावा लागतो, म्हणून महापालिकेकडून डीपी ओपिनियन, म्हणजे विकास आराखड्यात त्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा दाखला, काढा. शिवाय प्लॉट लहान, त्यात कडेची मोकळी जागा, पार्किंग, जिना, लिफ्ट, अग्निशमनाचे नियम, हे सगळं बसवता बसवता आर्किटेक्टला घाम फुटतो, म्हणून शेजारचे दोन-तीन मालक एकत्र आले तरच काम होतं अशा बऱ्याच जागा आहेत. पेठेत काम केलेल्या आर्किटेक्टला थोडी फी देऊन एक कच्चा हिशोब काढून घ्या, हा खर्च अजिबात वाया जात नाही.

शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, फक्त दुरुस्ती, तीही परवानगीनं, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नॅशनल मॉन्युमेंट्स अथॉरिटीची परवानगी घेऊन बांधता येतं. शनिवार, कसबा आणि बुधवार पेठेच्या त्या भागात घर बघताय तर हे अंतर आधी मोजून घ्या. १०० मीटरच्या आतला जुना फ्लॅट राहायला छान असेल, पण रिडेव्हलपमेंटच्या आशेवर त्याला जादा पैसे मोजू नका. विकणारा "कायदा बदलतोय, लवकरच होईल" म्हणतो. बदलला की बघू, किंमत आजच्या कायद्याप्रमाणेच द्यायची.

महापालिकेची स्वतःची हेरिटेज यादी आहे, त्यात श्रेणी १, २, ३ असतात. वाडा यादीत असेल तर बाहेरून बदल करायला हेरिटेज समितीची मान्यता लागते. याला लोक घाबरतात, मला तसं वाटत नाही. ज्याला वाडा जपूनच वापरायचाय, खाली ऑफिस किंवा कॅफे, वर राहायला, त्याच्यासाठी यादीतला वाडा चांगलाच आहे, कारण हेरिटेज टीडीआरचीही तरतूद आहे. फक्त पाडायच्या हेतूनं असा वाडा घेऊ नका. सरदार-सावकारांचे वाडे आधीच एकेक करून गेले, उरलेत ते जपणाऱ्याच्या हाती जावेत असं मनापासून वाटतं.

नदीकाठच्या भागात, नारायण, शनिवार, कसब्याच्या खालच्या बाजूला, पूररेषा बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा याच पेठा पाण्याखाली गेल्या होत्या आणि बऱ्याच इमारती त्यानंतर नव्यानं उभ्या राहिल्या. नदीजवळच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी, ती आणि त्याबाहेरची लाल रेषा यांच्या मध्ये अटी. मेट्रोचा भुयारी मार्ग जवळून जात असेल तर पाया खणताना महामेट्रोची एनओसी लागते. आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्याचे भुयारी नळ आणि हौद अजून जमिनीखाली आहेत, वाड्यात जुना हौद किंवा विहीर असेल तर ती सिटी सर्व्हेच्या नकाशावर कुठं आहे ते आर्किटेक्टला आधीच दाखवा.

पाचवी पायरी: इमारत हातानं तपासा

फ्लॅट असेल तर गच्ची, ड्रेनेज आणि खालच्या मजल्याचे कॉलम बघा, सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीचा ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवा असं उपविधीत आहे, "आम्ही कधी केलाच नाही" असं उत्तर आलं तर स्वतःचा इंजिनीअर न्या.

वाडा असेल तर इंजिनीअरसुद्धा मातीच्या आणि लाकडाच्या कामाचा माहीतगार हवा, निव्वळ आरसीसीवाला चालत नाही. दगडी जोतं सहसा ठणठणीत असतं, सागवानी खांबही, बिघडतं ते तुळईचं टोक, जिथं ती भिंतीत शिरते. बाहेरून तुळई काळीभोर, मजबूत दिसते, पण त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, दीड-दोन इंच सहज आत गेला तर आतून कुजलीये नाहीतर वाळवीनं खाल्लीये. सगळ्यात आधी ती टोकं तपासा जी नंतर बांधलेल्या संडास-बाथरूमच्या भिंतीला लागून आहेत, वाड्यात ओल तिथूनच शिरते. दुसरं म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलंय का. दिसायला गुळगुळीत दिसतं पण ओल आत कोंडून भिंत पोकळ होते, तिथं चुन्याचंच काम लागतं आणि ते करणारे कारागीर कमी, म्हणून महाग. पावसाळ्यात एकदा बघितल्याशिवाय वाडा घेऊ नये, छपराच्या कौलांचा आणि पन्हाळ्यांचा खरा हिशोब जुलैतच कळतो.

आणि गणपतीत एक चक्कर मारा. रस्ते बंद, मांडव, ढोल, गर्दी, हे दहा दिवस भाडेकरूला चालणार आहेत का याचा विचार करा. मला स्वतःला ते फार प्रिय आहे, पण लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर वेगळं.

सहावी पायरी: पैशाचा हिशोब

उदाहरण घेऊ. समजा ८० लाखांचा रीसेल वन बीएचके. पुण्यात मुद्रांक वगैरे धरून ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, फक्त बाईच्या नावानं घेतलं तर ६ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे वकील आणि ब्रोकर सोडूनच साधारण ८५ लाख ९० हजार. भाडं समजा महिना २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. त्यातून एक महिना रिकामा, मेंटेनन्स, मिळकतकर, किरकोळ दुरुस्ती असे ७० हजार वजा करा. हातात १ लाख ७० हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. यावर होमलोनचा हप्ता निघत नाही, कोणी काहीही सांगो. पेठेतली कमाई भाड्यात कमी आणि जागेच्या किमतीत जास्त, आणि ती कधी मिळेल ते रिडेव्हलपमेंटवर अवलंबून. म्हणून जास्तीत जास्त स्वतःच्या पैशातून घ्या, आणि दहा वर्षं लागणार नाहीत असेच पैसे यात घाला.

कर्ज घेणारच असाल तर बँकेच्या व्हॅल्युअरला टोकन देण्याआधी विचारा. इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी वाटलं तर बँक नाही म्हणते किंवा मुदत कमी करते, आणि टोकन दिल्यावर हे कळलं तर पंचाईत.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याचा आयकर, तुम्ही त्याच्या पैशातून कापून भरायचा, आणि विकणाऱ्यांपैकी कोणी परदेशात राहणारा असेल तर त्याच्या हिश्शावर तो १ टक्का नाही, बराच जास्त असतो. सीएला विचारल्याशिवाय त्यांना पैसे पाठवू नका, चुकलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

सातवी पायरी: व्यवहार आणि त्यानंतर

टोकन कमीत कमी द्या, चेकनं किंवा ऑनलाईन, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर नसेल तर परत मिळेल. साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, रजिस्टर करा. पेमेंटचे टप्पे कामाला बांधा, म्हणजे आत्यांची सही झाल्यावर एक, जुना बोजा कमी झाल्यावर एक, ताबा रिकामा मिळाल्यावर शेवटचा. रोख रक्कम मागितली तर नाही म्हणा, पेठेत अजूनही मागतात.

फ्लॅटच्या बाबतीत भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेनं दिलेला दाखला, आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर केल्याचं खत, दोन्ही बघा. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट झालंय का. सोसायटीचा कन्व्हेयन्स मूळ मालकानं दिला नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून डीम्ड, म्हणजे मालकाच्या सहीशिवायचा, कन्व्हेयन्स मिळतो, पण त्याला सभासदांनी एकत्र यायला हवं, म्हणून घेण्याआधी चेअरमन-सेक्रेटरींशी तासभर बसून बोला. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला २०१९ च्या नियमांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आठ फ्लॅटच्या इमारतीत म्हणजे पाच घरं. ती पाच घरं एकमेकांशी बोलतात का, हे एका भेटीत कळतं.

भाड्यानं द्यायचं असेल तर पेठेत मागणीची कमतरता नाही. एमपीएससी-यूपीएससीची मुलं, शास्त्री रोडच्या आसपासच्या अभ्यासिका, खानावळी, यामुळे सदाशिव-नारायण पेठेत खोल्या रिकाम्या राहत नाहीत. कॉट बेसिसवर दिलं तर पैसे जास्त मिळतात पण झीजही जास्त होते, पाण्यावरून सोसायटीत भांडणं होतात, मी तरी चारपेक्षा जास्त मुलं एका वन बीएचकेत ठेवू नका म्हणेन. लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं ही मालकाची जबाबदारी आहे, तोंडी व्यवहारावर किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवर कोणालाही ठेवू नका, भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाईन कळवा. घर भाड्यानं दिलं की मिळकतकरातली स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत मिळत नाही, तेही हिशोबात धरा.

खरेदीखत झालं की बरेच लोक फाईल कपाटात ठेवून मोकळे होतात. तसं करू नका. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखत नोंदल्याचा उतारा, हातात आल्यावर वाडा असेल तर नगर भूमापन ऑफिसात फेरफाराचा अर्ज द्या आणि नव्या नावाचं प्रॉपर्टी कार्ड येईपर्यंत पाठपुरावा करा, फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या. मिळकतकर आणि महावितरणचा मीटर तुमच्या नावावर करून घ्या. आणि आत भाडेकरू असतील तर नवीन मालक म्हणून प्रत्येकाला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा, भाडं कुठल्या खात्यात भरायचं ते त्यात लिहा, आणि पहिल्या महिन्यापासून प्रत्येक भाड्याची पावती देत जा.